कारखाना बंद, ट्रॅक्टर चालू : जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती-पुस्तिका कशी मिळवावी व कशी पारखावी

रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला, की शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक, सुटा भाग मिळेल का? आणि दुसरा, जो बहुधा विचारलाच जात नाही : हा भाग नेमका कसा बसवायचा, किती घट्ट करायचा, किती झिजला म्हणजे बदलायचा, हे कोठे लिहिलेले आहे? नव्या ट्रॅक्टरच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या कार्यशाळेत मिळते. वीस, तीस किंवा चाळीस वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ते शोधावे लागते. आणि ज्या ट्रॅक्टरचा निर्माताच आता उरलेला नाही, त्याच्या बाबतीत हा शोध यंत्राच्या आयुष्याचा प्रश्न होतो. प्रस्तुत लेखात हा शोध पद्धतशीरपणे कसा घ्यावा, याचे विवेचन केले आहे.

पिंजोरचा धडा

चंदीगडहून काल्क्याच्या रस्त्याला सुमारे वीस किलोमीटरवर हरियाणातील पिंजोर हे गाव आहे. येथील हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या कारखान्यात १९७१ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील झेटर या ट्रॅक्टरच्या तंत्रज्ञानावर २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची निर्मिती सुरू झाली. पुढे २५११, ३५११, २५२२, ३५२२, ५९११ अशी मॉडेले आली आणि देशभर, महाराष्ट्रातही, शेतावर गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. पुढे कारखान्याच्या जमिनीचा काही भाग हरियाणा शासनाच्या सफरचंद व फळभाजी बाजाराच्या प्रकल्पाकडे गेला.

कारखाना बंद झाला. ट्रॅक्टर मात्र चालूच राहिले. अशा यंत्राचे सुटे भाग खासगी उत्पादक काही काळ बनवीत राहतात, कारण त्यांना मागणी असते. परंतु माहितीचे तसे नसते. कारखान्याच्या सेवा विभागातील पुस्तिका, विक्रेत्यांना पाठविलेली सुधारणा-पत्रके आणि जुन्या तंत्रज्ञांच्या डोक्यातील मोजमापे कोणी जपली नाहीत, तर ती दहा-पंधरा वर्षांत नाहीशी होतात.

चंदीगडच्या दुसऱ्या बाजूस, मोहाली येथे, याच काळात घडलेली गोष्ट तुलनेसाठी उपयुक्त आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत विकसित झालेल्या देशी रचनेवर आधारित स्वराज ७२४ हा ट्रॅक्टर पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेडने १९७४ मध्ये बाजारात आणला. ही कंपनी २००७ मध्ये महिंद्र समूहाकडे गेली व २००९ मध्ये त्यात विलीन झाली. येथे नाव, विक्रेते व कागदपत्रे यांना वारस मिळाला. म्हणून जुन्या स्वराजची माहिती आजही मागता येते. जुन्या एचएमटीची मात्र अनेक ठिकाणांहून गोळा करावी लागते. आपला ट्रॅक्टर या दोहोंपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे आधी ठरविले म्हणजे शोधाची दिशा निश्चित होते.

तीन पुस्तिका, तीन कामे

‘मॅन्युअल’ या एकाच शब्दाने तीन वेगळी पुस्तके ओळखली जातात, आणि त्यामुळे पुष्कळ वेळा चुकीचे पुस्तक हाती येते.

१) चालक-पुस्तिका : ट्रॅक्टरबरोबर मिळणारी छोटी पुस्तिका. तीत तेल केव्हा बदलावे, वंगण कोठे द्यावे, टायरमध्ये हवा किती ठेवावी, ही नित्य देखभालीची माहिती असते. इंजिन उघडण्यासाठी ती पुरेशी नसते.

२) सुट्या भागांची सूची : प्रत्येक जुळणीचे सुटे करून दाखविलेले चित्र, भागाचा क्रमांक व संख्या यांचा तक्ता. दुकानात अचूक भाग मागण्यासाठी आणि कोणता वायसर, कोणती सर्क्लिप कोठे येते, हे पाहण्यासाठी ती अमूल्य ठरते. तथापि, मोजमापे व घट्टपणा तीत नसतो.

३) दुरुस्ती-पुस्तिका, म्हणजे वर्कशॉप मॅन्युअल : उघडण्याचा व जोडण्याचा क्रम, बोल्ट घट्ट करण्याचे माप, फटी, मूळ मापे, झिजेची मर्यादा, विशेष अवजारे आणि दोषनिदानाचे तक्ते यांचे हे पुस्तक. ते कारखाना विक्रेत्याच्या कार्यशाळेसाठी काढतो. म्हणून शेतकऱ्याच्या घरी ते क्वचितच आढळते.

जुन्या ट्रॅक्टरसाठी दुसरे व तिसरे पुस्तक जोडीने हवे. एकाच्या आधारे काम केल्यास अर्धी माहिती अंदाजावर राहते.

शोधण्यापूर्वी ओळख पक्की करावी

पुस्तिका मागण्यापूर्वी पुढील चार नोंदी एका कागदावर करून ठेवाव्यात.

• मॉडेलचे पूर्ण नाव व निर्मितीचे वर्ष. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक हायड्रॉलिक, स्टिअरिंग किंवा क्लच बदललेला असू शकतो.
• चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक. नोंदणी-पुस्तकातील क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन बदलले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तसे असेल तर इंजिनाची पुस्तिका निराळी लागेल. शिवाय नोंदणीतील तफावत परिवहन कार्यालयाकडून दुरुस्त करून घेणे आवश्यक ठरते.
• इंजिनाचा निर्माता. ट्रॅक्टरवरील नाव आणि इंजिनाचे मूळ घराणे एकच असते असे नाही. स्वराजच्या अनेक मॉडेलांत किर्लोस्कर रचनेची इंजिने आहेत. १९८५ मध्ये स्थापन झालेली स्वराज इंजिन्स ही कंपनी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या सहकार्यानेच उभी राहिली. म्हणजे मोहालीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची माहिती पुण्याच्या नावाने शोधावी लागू शकते.
• इंधन पंपावरील पट्टी. जुन्या भारतीय ट्रॅक्टरांवर बहुधा मायको कंपनीचा पंप आढळतो. ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. पंपावरील पूर्ण क्रमांक टिपून अधिकृत पंप-कार्यशाळेत दिल्यास त्या पंपाची तपासणी-मापे तेथे मिळू शकतात. त्यासाठी ट्रॅक्टरची पुस्तिका लागत नाही.

शोध कोठे घ्यावा

मूळ कंपनी किंवा तिचा वारस : वारस असेल तर पहिले पत्र तेथेच पाठवावे. जुना इंटरनॅशनल बी-२७५ महिंद्रच्या घराण्यातला आहे. आयशर ट्रॅक्टरचा व्यवसाय २००५ मध्ये टाफे समूहाकडे गेला. एस्कॉर्ट्सचे नाव २०२२ पासून एस्कॉर्ट्स कुबोटा असे झाले. भारतात जोडलेल्या जुन्या फोर्ड ट्रॅक्टरांची निर्मिती एस्कॉर्ट्स समूहानेच केलेली आहे. विक्रेत्याकडे तोंडी विचारणा करण्यापेक्षा कंपनीच्या सेवा विभागाला मॉडेल व क्रमांकांसह लेखी विचारणा केलेली बरी. विक्रेत्याच्या कपाटात नसलेली पुस्तिका कंपनीच्या संग्रहात असू शकते.

मूळ परदेशी रचना : बी-२७५ ची मूळ रचना ब्रिटनमधील इंटरनॅशनल हार्वेस्टरची, तर एचएमटीची मूळ रचना चेक प्रजासत्ताकातील बर्नो शहराच्या झेटरची. या ट्रॅक्टरांना युरोपात आजही चाहते व वापरकर्ते आहेत. त्यामुळे त्यांच्या इंग्रजी पुस्तिकांचे पुनर्मुद्रण विक्रीस मिळते. झेटरने १९६० च्या सुमारास दोन, तीन व चार सिलिंडरची इंजिने शक्य तितक्या समान भागांवर उभारण्याचे धोरण स्वीकारले होते. त्यामुळे नेमक्या मॉडेलची पुस्तिका न मिळाल्यास त्याच मालिकेतील दुसऱ्या मॉडेलची पुस्तिकाही इंजिनाच्या प्रकरणापुरती मार्गदर्शक ठरू शकते.

चाचणी अहवाल : हा स्रोत सर्वांत दुर्लक्षित आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. हिसार येथेही अशी संस्था आहे. तेथील ट्रॅक्टर चाचणीच्या अहवालात केवळ अश्वशक्ती व इंधनखर्च नसतो. चाचणीनंतर इंजिन उघडून सिलिंडर, पिस्टन, रिंगांची फट, बेअरिंगमधील फट यांची मोजमापे घेतली जातात आणि निर्मात्याने कळविलेली झिजेची मर्यादा शेजारी दिलेली असते. ज्याचा कारखाना बंद झाला, त्या ट्रॅक्टरसाठी ही मर्यादा म्हणजे दुरुस्ती-पुस्तिकेतील सर्वांत मोलाचे पानच होय.

कृषी विद्यापीठे व प्रशिक्षण संस्था : राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे कृषी यंत्रे विभाग, तसेच ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या ग्रंथालयांत जुन्या पुस्तिका असण्याचा संभव असतो. प्रशिक्षणासाठी घेतलेल्या ट्रॅक्टरबरोबर आलेले साहित्य तेथे जपलेले असू शकते.

जुने कारागीर व बाजार : बंद झालेल्या विक्री-केंद्रातील निवृत्त मिस्त्री हा चालताबोलता संग्रह असतो. त्याच्या पेटीतील तेलकट पुस्तिका विकत मागू नये, छायाप्रत मागावी. चंदीगडला कृषी प्रदर्शनास किंवा अभ्यासदौऱ्यास जाणाऱ्या गटांनी मनीमाजरा येथील मोटर मार्केट आणि पिंजोर परिसरातील जुने कारागीर यांच्याकडे एचएमटीविषयी चौकशी अवश्य करावी.

चांगली पुस्तिका कशी ओळखावी

पुस्तिका मिळाली म्हणजे काम झाले, असे नाही. पैसे देण्यापूर्वी पुढील कसोट्या लावाव्यात.

१) मॉडेल व क्रमांकांची व्याप्ती पहिल्या पानांवर स्पष्ट दिलेली आहे का? ‘सर्व मॉडेलांसाठी’ असे लिहिलेले पुस्तक बहुधा कोणत्याच मॉडेलसाठी पुरेसे नसते.

२) सिलिंडर हेड, कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग व फ्लायव्हील यांच्या बोल्टांचा घट्टपणा आकड्यांत दिलेला आहे का? आणि हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने घट्ट करावेत, याची आकृती आहे का? ‘पुरेसे घट्ट करावे’ एवढेच लिहिलेले असेल तर ती दुरुस्ती-पुस्तिका नव्हे.

३) प्रत्येक झिजणाऱ्या भागासाठी मूळ माप, झिजेची कमाल मर्यादा आणि दुरुस्ती-माप अशी तिन्ही मापे आहेत का? क्रँकशाफ्ट घासून किती कमी करता येईल, हे यावरूनच ठरते. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाची बेअरिंग बाजारात मिळतात. पण शाफ्ट कोठवर घासावा, याची सीमा पुस्तिकाच सांगते.

४) टॅपेटची फट इंजिन थंड असताना मोजावयाची की गरम असताना, हे लिहिले आहे का?

५) हायड्रॉलिकच्या तेलमार्गाची आकृती व दोषनिदानाचा तक्ता आहे का? लिफ्ट उचलत नाही, ही तक्रार पंप, झडप, गाळणी किंवा सील यांपैकी कशानेही उद्भवते. तक्ता नसेल तर चारही भाग एकामागून एक बदलण्याचा खर्च होतो.

६) छायाप्रत किंवा संगणकीय प्रत असल्यास पाने सलग आहेत का? आकड्यांतील ३ व ८, १ व ७ स्पष्ट वाचता येतात का? तक्त्याचे पान पुसट असेल तर पुस्तिकेची निम्मी किंमत गेली असे समजावे.

परदेशी पुस्तिका वापरताना : एककांची दक्षता

भारतात बनलेला ट्रॅक्टर मूळ परदेशी रचनेपासून पुढे बदलत गेलेला असतो. म्हणून परदेशी पुस्तिकेतील इंजिनाचे प्रकरण आधारासाठी घ्यावे. हायड्रॉलिक, स्टिअरिंग व विद्युत जोडणी यांबाबत मात्र प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय एकही आकडा वापरू नये. सिलिंडरचा व्यास व पिस्टनचा पल्ला मोजून तो पुस्तिकेशी जुळला, तरच पुढील मापांवर विश्वास ठेवावा.

दुसरी दक्षता एककांची. झेटर घराण्यातील यंत्रे मेट्रिक मापांची, तर बी-२७५ किंवा जुने फोर्ड इंची मापांचे. इंची आट्यांच्या छिद्रात मेट्रिक बोल्ट जोराने फिरविला की आटे जातात आणि ओतीव लोखंडाच्या भागाची दुरुस्ती खर्चाची होऊन बसते.

घट्टपणाची मापे जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर किंवा पौंड-फूट यांत, तर नव्या टॉर्क पान्यांवर न्यूटन-मीटरमध्ये असतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, म्हणजेच सुमारे ७.२३ पौंड-फूट. उदाहरणार्थ, पुस्तिकेत १२ किलोग्रॅम-मीटर असेल तर पाना सुमारे ११८ न्यूटन-मीटरवर लावावा लागेल.

फटींबाबत घोटाळा अधिक घातक असतो. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पुस्तिकेत ०.०१२ इंच फट दिली असेल, तर ती ०.३० मिलिमीटर होते. मिस्त्रीने तोच आकडा ०.१२ मिलिमीटर असा वाचला, तर इंजिन तापल्यावर झडप पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि झडपेची कड जळते. एका दशांश चिन्हाच्या चुकीने ऐन हंगामात हेड उतरवावे लागते. रूपांतराची मापे शांतपणे, काम सुरू होण्यापूर्वी, कागदावर मराठीत लिहून काढावीत. हाताला तेल लागल्यावर गणित करू नये.

तेलाच्या तक्त्यातील जुनी व्यापारी नावे आज मिळत नाहीत. अशा वेळी नावाऐवजी तेलाचा दाटपणा-क्रमांक पाहावा व त्याच क्रमांकाचे सध्याचे तेल घ्यावे.

पुस्तिका मिळालीच नाही तर

यंत्र स्वतःच पुष्कळ माहिती सांगते. बहुतेक बेअरिंग आंतरराष्ट्रीय मापांची असतात व क्रमांक त्यांच्या कडेवर कोरलेला असतो. ६२०६ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतील व्यास ३० मिलिमीटर मिळतो; हा नियम ०४ व त्यापुढील सामान्य क्रमांकांना लागू पडतो. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ व रुंदी १६ मिलिमीटर असते. तेल-सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी बहुधा छापलेली असते. म्हणून जुना भाग टाकून देण्यापूर्वी त्यावरील अंक टिपणे, हा पहिला नियम समजावा.

उघडताना प्रत्येक टप्प्याचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे. शिम व वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. कनेक्टिंग रॉड व त्यांच्या टोप्यांवर सिलिंडरचा क्रमांक व दिशा यांची खूण करावी. त्या अदलाबदल झाल्यास बेअरिंग जाते. झिजलेल्या आणि न झिजलेल्या जागेचे माप मायक्रोमीटरने घेऊन दोन्ही लिहून ठेवावे. न झिजलेल्या जागेचे माप मूळ मापाच्या सर्वांत जवळचे असते. अशा नोंदींतून त्या मॉडेलची एक छोटी पुस्तिकाच तयार होते.

मात्र इंधन पंपाचे कॅलिब्रेशन, इंजेक्टरचा दाब आणि ब्रेक यांबाबत अंदाजाने काम करू नये. ही कामे योग्य साधने असलेल्या कार्यशाळेतच करून घ्यावीत.

दुरुस्तीचा हक्क आणि त्याची मर्यादा

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेतील चार क्षेत्रांत शेती-अवजारांचा समावेश आहे. त्याच वर्षी २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू करण्यात आले. उत्पादकांनी पुस्तिका, सुटे भाग व हमीविषयीची माहिती तेथे द्यावी, असा त्यामागील हेतू आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने तर शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये केला व तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु हक्क मागण्यासाठी समोर उत्पादक असावा लागतो. पिंजोरसारख्या बंद कारखान्याच्या ट्रॅक्टरसाठी माहिती जपण्याचे काम वापरकर्त्यांना व संस्थांनाच करावे लागेल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृती-सूत्र

• तालुक्यातील जुन्या ट्रॅक्टरांची मॉडेलनिहाय यादी करावी. ज्यांचे निर्माते बंद झाले, ती मॉडेले वेगळी नोंदवावीत.
• प्रत्येक अशा मॉडेलसाठी एक सूची व एक दुरुस्ती-पुस्तिका कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेत ठेवण्याचा प्रयत्न करावा. पुस्तक मूळ किंवा परवानगीने घेतलेली प्रत असावे.
• घट्टपणा, फटी, झिजेची मर्यादा व तेलाचे प्रमाण यांचा एका पानाचा मराठी तक्ता करून स्थानिक मिस्त्रींना द्यावा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या पुस्तिकेतून घेतला, हे लिहावे. स्वतः मोजलेला आकडा असेल तर तसे नमूद करावे.
• दुरुस्तीसाठी उघडलेल्या प्रत्येक इंजिनाची मोजमापे सामाईक नोंदवहीत घ्यावीत.
• निवृत्त कारागिरांकडील माहिती त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावी.

जुना ट्रॅक्टर मोडीत काढावा की दुरुस्त करावा, हा निर्णय शेवटी शेतकऱ्याचा आहे. पण तो निर्णय मोजमापांवर आधारलेला असावा. झीज मर्यादेच्या आत आहे हे आकड्याने कळले, तर अनेक यंत्रांचा मोठा खर्च वाचतो. मर्यादा ओलांडली आहे हे कळले, तर वाया जाणारा खर्च टळतो. दोन्ही प्रसंगी त्या जुन्या पुस्तिकेची किंमत वसूल झालेली असते. आपल्या घरच्या किंवा विक्रेत्याच्या माळ्यावर अशी एखादी पुस्तिका पडलेली असेल, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला तिची माहिती अवश्य द्यावी.